उत्तरेचं दार

मिल्ड्रेड गॅरडनं आमच्या गावच्या चर्चच्या किल्ल्या एकेचाळीस वर्षं सांभाळल्या. झाडलोट, मेणबत्त्या, घड्याळाची चावी, सगळं तीच बघायची. बाप्तिस्म्याच्या दिवशी उत्तरेचं बुटकं दारही तीच वीतभर उघडायची. पोराच्या डोक्यावर पाणी पडलं की सैतान त्या दारानं बाहेर पळतो, अशी आमच्याकडची जुनी समजूत. एरवी ते दार बंद. त्या बाजूला ऊन येत नाही, आणि शहाणं माणूस आपलं माणूस तिकडे पुरत नाही.

मी चर्चचा कारभारी. आठशे वर्षांच्या इमारतीत संडास नाही, म्हातारी माणसं प्रार्थना अर्धवट टाकून घरी पळतात, हे मला बघवेना. उत्तरेच्या दाराबाहेर संडास आणि चहाची खोली बांधायचा नकाशा मी करून आणला. सभेत मिल्ड्रेड उभी राहिली. "तिथे कुदळ लावायची नाही," म्हणाली आणि बसली. कारण विचारलं तर किल्ल्यांचा जुडगा उचलून घरी गेली.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजायची टेप घेऊन तडक चर्चमध्ये गेलो. ती त्या दाराशीच खुर्ची टाकून बसलेली.

"मिसेस गॅरड, सैतानाला सोबत करताय वाटतं?"

"बस गपचूप, एडविन. ऐक."

बसलो. आणि दारावर टकटक झाली. तीनदा, हलकेच. मी दार ओढून उघडलं. बाहेर ओलं गवत, त्यावर पाऊलही उमटलेलं नव्हतं. मी घाईनं दार लावून घेतलं.

मग तिनं सांगितलं. तिचा मुलगा पहाटे जन्मला, संध्याकाळी गेला. पाद्री यायच्या आधीच. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून त्या पाद्र्यानं दक्षिणेला, बाकीच्या थडग्यांत, जागा दिली नाही. तिचे वडील गावची थडगी खणायचे. त्यांनी नातवाला इथे, या दाराबाहेर भिंतीलगत ठेवलं. दगड नाही, नाव नाही.

"म्हणून तर किल्ल्या मागून घेतल्या मी," ती म्हणाली. "तोच वाजवतो, आत घ्या म्हणतोय. उघडावं तर कुणीच नसतं."

मला माझीच लाज वाटली. "नकाशा फाडून टाकतो," म्हणालो.

तिनं दाराकडे बघितलं. "खोलीची भिंत कुठवर येईल?"

"पार त्या बाहेरच्या झाडापर्यंत."

"म्हणजे तो आतच येईल की रे. चर्चच्या छपराखाली." ती खुर्चीतून उठली. "बांध तू. फक्त त्याला खणू नकोस."

आम्ही खणलं नाही. मातीवरच फरशी टाकली, नळ लांबून वळवून आणले. बिशपनी येऊन खोलीला आशीर्वाद दिला, लोकांनी चहा प्यायला. मिल्ड्रेड त्या दिवशी खूष होती.

पंधरवड्यानं बघतो तर परत तीच खुर्ची. दार लावलेलं, कान लाकडाला टेकलेला.

"आता काय झालं?"

"आत आला ना तो. आता वाजवत नाही." तिनं डोळे पुसले. "एवढी वर्षं तेवढंच तर होतं रे मला त्याचं."

चहा आणतो म्हणून त्याच दारानं नव्या खोलीत गेलो आणि दार मागे ओढून घेतलं. जरा थांबलो. मग बोटांनी तीनदा वाजवलं, हलकेच.

पलीकडून तिचा आवाज आला, अगदी मायेनं.

"एडविन, तो एवढ्या वर वाजवत नसे. त्याचा हात पोचायचा नाही."