कुंदनच्या ब्राउझरमध्ये महाराज

राजापेठेत फुलांचं दुकान चालवणारा कुंदन देवाला फारसा मानत नाही, पण लिनक्स या फुकट, सगळ्यांना खुल्या कम्प्युटर-प्रणालीला मानतो. एका ट्यूशन क्लासने भंगारात काढलेला कम्प्युटर त्याने घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि तेव्हापासून हार ओवता ओवता गिऱ्हाइकांना ऐकवतो, "आपल्या मशीनमंदी लपवाछपवी नाही. ज्याले वाटलं त्यानं कोड उघडून पाहावा." आजवर कोणाला वाटलेलं नाही.

अधिक महिन्यात एका दुपारी त्याची आई पार्बताबाई भजनी मंडळाच्या अकरा बायका घेऊन कम्प्युटरसमोर बसली. चार वाजता महाराजांचं ऑनलाइन प्रवचन होतं. महाराजांच्या जागी काळा चौकोन उमटला आणि फायरफॉक्स या ब्राउझरने वर पट्टी दाखवली : हा व्हिडिओ पाहायचा तर एक प्लग-इन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, चालू करावं लागेल.

"आई, हे नाही टाकत मी," कुंदन म्हणाला. "हे बंद डब्यातलं सामान हाये. आतमंदी काय हाये, कोणालेच पाहू देत नाहीत."

"महाराजाच्या पोटात काय हाये, ते तरी कोणी पाह्यलं? टाक!"

बायका खदखदून हसल्या. कुंदनने तोंड वाकडं करून बटण दाबलं. प्लग-इन उतरलं, चौकोन काळाच. ब्राउझरची आवृत्ती जुनी होती. ती नवी होईपर्यंत मंडळाने दोन भजनं म्हटली, चहा घेतला आणि एका सुनेची यथेच्छ निंदा केली.

साडेचारला महाराज प्रकटले ते हात वर करूनच. "मायांनो, हा स्क्रीन म्हणजे मोह! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"मंग बंद करा लागते काय?" शेजारच्या कौशल्याबाईंनी विचारलं.

"याले बंद कर," पार्बताबाई मुलाला म्हणाली. "अन् एखादा पिच्चर लाव."

पिच्चरलाही तेच प्लग-इन लागत होतं. बायका सातपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. दोघी तर ओक्साबोक्शी रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन प्लग-इन काढायला बसला.

"काय करून राहिला?"

"साफसफाई."

"माह्या पिच्चरले हात लावशीन तं पाह्यजो!"

शेवटी त्याने ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे दोन वेगळे कप्पे केले. एक त्याचा, सोवळ्यातला, प्लग-इनशिवायचा. दुसरा आईचा. त्यावर दर गुरुवारी मंडळाचा पिच्चर असतो. महाराजांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. कुंदन पिच्चर दाराशी उभ्यानेच पाहतो. खुर्ची पुढे केली तर म्हणतो, "मी कुठं पाहून राहिलो?"