मावशींचा नंबर

"बोलून राहिली ना अजून? मग नाही भरलं. बसा."

हा निकाल मावशी बाकासमोर उभ्या राहून द्यायच्या. एका हातात स्टीलचा जग, दुसऱ्या हातात ग्लास. बाकावरची बाई पोटाला हात लावून कितीही शपथा घेवो, की आता एक थेंब जायचा नाही, मावशी तिच्या पोटाकडे बघायच्याच नाहीत. त्या तिच्या तोंडाकडे बघायच्या. तोंड चालू असेल तर आणखी एक ग्लास. "ज्याले खरी लागते तो बोलत नाही," हे त्यांचं शास्त्र होतं, आणि आमच्या परदेशी मशीनपेक्षा ते कमी चुकायचं.

तेव्हा बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातच होतं आणि सोनोग्राफी म्हणजे अप्रूप होतं. बुधवारा पेठेत आमच्या डॉक्टरसाहेबांचं सेंटर होतं. मी काउंटरवर बसायची. नाव लिहायचं, नंबर द्यायचा, हाक मारायची आणि साहेब सांगतील तो रिपोर्ट टाइप करायचा, एवढं माझं काम. पण नंबर देणाऱ्या माणसाला काही दिवसांनी आपण देव असल्यासारखं वाटू लागतं. मलाही वाटायचं. तुम्हीही अशा खिडक्यांपुढे उभे राहिला असाल, तेव्हा मी कशी होते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मावशी सिंधीपुऱ्यातून चालत यायच्या. झाडलोट करायच्या, पेशंटला टेबलावर झोपवायच्या आणि तपासणी संपली की पोटावरचं ते चिकट जेल कपड्यानं पुसायच्या. हिवाळ्यात जेलची बाटली सकाळपासून काखेत धरून फिरायच्या. "थंडं टाकलं का बाई दचकते, मग आतलं पोरगंही दचकते," म्हणायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण खरं काम पाणी पाजण्याचं. ओटीपोटातलं नीट दिसायचं तर लघवीची पिशवी तट्ट भरलेली लागते. पहाटेच्या बसनं आलेल्या खेड्यातल्या बायांना हे पटायचं नाही. "पाणी प्यायले इतक्या दूर आलो का?" असं एकीनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "बादशहाच्या वेळच्या भुयारातलं पाणी आहे आमच्या गावचं. तुमच्या गावात आहे का? मग प्या."

पॉवरलूमचे एक सेठ होते. त्यांनी दोन ग्लास गुपचूप कुंडीतल्या तुळशीला पाजले. मावशींनी बघून न बघितल्यासारखं केलं. तासाभरानं सेठ उठले, म्हणाले, "हो गया, अब चलो." मावशी म्हणाल्या, "तुळशीचा नंबर लागला असता सेठजी, तुमचा नाही." सेठनी मुकाट्यानं जग रिकामा केला.

शाहपूरकडची एक सासू आली होती. भिंतीवर ती पाटी होतीच, मुलगा की मुलगी सांगितलं जाणार नाही म्हणून. सासूबाईंनी पिशवीतून केळ्यांची मोठी फणी काढली आणि मावशींच्या कानाशी लागल्या, "तुम्ही आत असता. नुसती मान हलवा." मावशींनी फणी घेतली. आम्हाला वाटलं, घेतलीच शेवटी. त्यांनी एकेक केळं मोडून बाकावरच्या सगळ्यांना वाटलं आणि मोठ्यानं सांगितलं, "घ्या, आजींनी वाटले. नात होवो का नातू, त्यांले सारखंच म्हणते." सासूबाईंना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. सून तोंडाला पदर लावून हसत होती.

मावशींनी मला एक गुपित सांगितलं होतं. सगळं ठीक असलं की साहेब टेबलावरून उठता उठताच "चला, झालं" म्हणतात आणि पुसायचं काम मावशींवर सोडतात. आत काही वाईट दिसलं तर मात्र बोलत नाहीत. मावशींच्या हातातला कपडा घेतात आणि पेशंटचं पोट स्वतः पुसतात. "त्यांले कळतही नाही ते असं करतात. पण मी समजून जाते ताई. साहेबानं कपडा घेतला का मले रडू येते." मी त्यावर हसले होते. नंतर लक्ष ठेवून पाहिलं, तर खरंच तसं होतं. कपडा गेला की थोड्या वेळानं माझ्याकडे टाइप करायला मोठा रिपोर्ट यायचा.

एक दिवस दुपारी काउंटरपाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "ताई, माझंही एकदा टाका ना यादीत. पोट जड वाटते. दोन घास खाल्ले का भरून येते."

"साहेबांना सांगा ना सरळ."

"साहेबाले मी कसं सांगू? लाज वाटते. तुम्ही लिहून द्या."

स्टाफचं शेवटी, असा साहेबांचा नियम होता. मी यादीत सगळ्यांच्या खाली लिहिलं, 'मावशी'. नाव नाही, वय नाही. नुसतं 'मावशी'.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पाणी प्यायलं. चार पेशंट उरले असताना पहिला ग्लास, मग एकेक करत पुढचे. शेवटी बाकाच्या टोकाला जाऊन बसल्या. पण शाहपूरचा एक माणूस मूतखड्यानं गडाबडा लोळत आला, त्याच्या मागून आणखी एक इमर्जन्सी आली, आणि साहेब थकून घरी गेले. मावशी मागच्या मोरीकडे गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "उद्या पाहू ताई. पाणी काय पळून चाललं."

त्या वर्षात असं पाच-सहा वेळा झालं. कधी लाइट गेली. तेव्हा लाइट जाणं हे सूर्य मावळण्याइतकंच ठरलेलं होतं, आणि जनरेटर स्टाफच्या पोटासाठी लावत नसत. कधी साहेबांना समारंभाला जायचं असे. या सगळ्यांचा राग मी पुष्कळ वर्षं केला. साहेबांचा केला, वीज मंडळाचा केला. दुसऱ्यांवर राग धरला की आपल्या वाट्याचं झाकलं जातं. पण एक संध्याकाळ अशी आहे की ती कोणाच्या माथी मारता येत नाही.

त्या दिवशी पेशंट लवकर संपले होते. साहेब आत बसले होते, लाइट होती. मावशी बाकावर अगदी गप्प बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर आवळलेले. मी काही विचारलं तर नुसती मान हलवली. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे नंबर लागायला हवा होता. मी हाक मारणार, तेवढ्यात माझी भावजय आली. सातवा महिना होता तिचा. दुखत-खुपत काही नव्हतं, नेहमीची तपासणी. सातव्या महिन्यात पाणी पिऊन बसायचीही गरज नसते. ती दुसऱ्या दिवशी आली असती तरी चाललं असतं, अर्धा तास थांबली असती तरी चाललं असतं. पण घरी पाहुणे येणार होते आणि ती म्हणाली, "वन्सं, पटकन होईल का हो?"

मी मावशींकडे बघितलंही नाही. "ये," म्हणाले आणि तिला आत नेलं.

मावशी तशाच भरल्या पोटानं उठल्या. आत आल्या, भावजयीला हात देऊन टेबलावर चढवलं, तिच्या पोटाला कोमट जेल लावलं, शेवटी पुसलं. "चला, झालं," साहेब म्हणाले. आम्ही बाहेर आलो आणि लाइट गेली.

"उद्या पाहू ताई," मावशी म्हणाल्या. त्या मोरीकडे भिंत धरून गेल्या. मी भावजयीबरोबर गप्पा मारत घरी गेले.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. त्या ओवा चावायच्या, लुगडं सैल नेसायच्या. पुढे पुढे त्यांचं पोट दिसू लागलं. हातपाय वाळले होते आणि पोट तेवढं वाढत होतं. बारा महिने लोकांची पोटं तपासणाऱ्या जागेत हे कोणाला दिसू नये? दिसलं. मीच एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, कितवा महिना? लावू का नंबर?" सगळे हसले. मावशीही हसल्या. ते हसू मला आजही सहन होत नाही.

मग एका सकाळी फरशी पुसताना त्या खाली बसल्या त्या उठेनात. साहेब बाहेर आले, बघतच राहिले आणि म्हणाले, "मावशी, टेबलावर चला."

"साहेब, मी पाणी नाही प्यायलं."

"गरज नाही," साहेब म्हणाले.

कपडा घेऊन मी उभी राहिले. मावशींची जागा रिकामी होती ना. जेल थंडगार होतं, बाटली कोणी काखेत धरलीच नव्हती. मावशी दचकल्या. मशीनवर पाणी काळं दिसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं. पडदा सगळा काळा होता. त्या काळ्यात खाली एका बाजूला काहीतरी मोठं, वेडंवाकडं दिसत होतं. साहेब तिथे बराच वेळ थांबले. काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि कपडा घेतला.

मावशींनी मान उचलून बघितलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "कपडा ताईले द्या ना."

साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. ते पुसत राहिले.

"द्या ना साहेब ताईले. तुम्ही नका पुसू."

मी तिथून बाहेर पळाले. रिपोर्ट मात्र मलाच टाइप करावा लागला. अंडाशयाची गाठ, पोटभर पाणी, पुढची तपासणी लगेच करावी. 'लगेच' हा शब्दही मीच टाइप केला. मावशींच्या मुलानं त्यांना इंदूरला नेलं. तिथे म्हणाले, फार उशीर केला. उशीर कोणी केला हे तिथे कोण विचारणार?

त्यानंतर त्या आमच्याकडे येत राहिल्या, पेशंट म्हणून. पंधरा दिवसांनी पोट पुन्हा भरायचं. साहेब मशीनवर जागा बघून, आतडं चुकवून बारीक सुई घालायचे आणि नळीवाटे पाणी काढायचे. या कामात साहेबांचा हात फार हलका होता, आणि एक दिवसही त्यांनी मावशींना ताटकळत ठेवलं नाही. पहिल्या वेळी सुई घालायच्या आधी त्यांनी विचारलं, "लघवीला जाऊन आलात का?" मावशींना हसू आवरेना. "जलम गेला साहेब लोकाले रोकून ठेवण्यात. आता म्हणता जाऊन या!" बाटलीत पिवळसर पाणी पडत होतं ते त्या बघत होत्या. किती निघालं म्हणून विचारलं. चार लिटर, मी सांगितलं. "इतकं तर मी त्या सेठलेही नाही पाजलं," म्हणाल्या.

त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, काहीतरी कारण दिलं असतं आणि मोकळी झाले असते. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

शेवटच्या वेळी मुलानं त्यांना रिक्षातून आणलं. बाकाच्या टोकाला बसवलं, जिथे त्या पूर्वी पाणी पिऊन बसायच्या तिथेच. दम लागला होता. बाक भरलेला होता. मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, चला. तुमचा पहिला नंबर."

त्यांनी बोटानं शेजारच्या मुलीकडे दाखवलं. वीस-बावीस वर्षांची असेल, पाणी पिऊन बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. कपाळावर घाम होता.

"हिले घ्या आधी," मावशी म्हणाल्या. "हिचं बोलणं बंद झालं."

"नाही मावशी, आज नाही. आधी तुम्ही."

"घ्या म्हटलं ना. मी काय पळून चालली?"

आणि मी त्या मुलीला आत घेतलं. आयुष्यभर ज्यांना मागे ठेवलं त्यांचं त्या दिवशी मी ऐकलं. ऐकायला नको होतं त्याच दिवशी ऐकलं. मुलीचं सगळं ठीक होतं. "चला, झालं," साहेब म्हणाले, मी तिचं पोट पुसलं, आणि लाइट गेली. साहेब म्हणाले, मावशी आहेत ना, जनरेटर लावा. तो चालू होईना. अर्धा तास आम्ही खटपट केली. बाहेर आले तर बाक रिकामा होता. त्यांना बसवत नव्हतं म्हणून मुलगा घरी घेऊन गेला, असं कोणीतरी सांगितलं. माझ्यासाठी निरोप होता, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. जेलची बाटली काखेत धरली. कोऱ्या कागदावर सगळ्यांच्या वर लिहिलं, 'मावशी'. दहा वाजता त्यांचा मुलगा आला तो एकटाच, अनवाणी. त्याला काही सांगावं लागलं नाही.

बाकावर बाया बसलेल्या होत्या. पाणी पिऊन त्या केव्हाच्या गप्प झाल्या होत्या. मी यादी उचलली आणि दोन नंबरला हाक मारली.