शेवटचं माणूस बांधावर

निघायच्या दिवशी आमच्या खाचरात भातलावणी चालू होती. पानशेतच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पुण्याला नेणारी जीप रस्त्यावर हॉर्न वाजवतेय, मी नवी बॅग घेऊन बांधावर उभा आणि आबा चिखलात वाकलेले. मुलगा पहिल्यांदा विमानात बसणार, पण वडील काही वर येईनात. त्यांची स्वतःची पात, म्हणजे वाट्याला आलेली पट्टी, कधीच लावून झाली होती. मागे राहिली होती सखूमावशी. सावडीला आलेली म्हातारी, हाताने मंद आणि तोंडाने चालू. आबा तिच्या पातीत हात घालत होते.

"आबा, विमान चुकंल माझं!" मी ओरडलो.

"शेवटचं मानूस बांधावर येऊ दे, मंग येतो," ते मान वर न करता म्हणाले.

सावड म्हणजे आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. आणि मागे राहिलेल्याला एकटं टाकून कुणी वर यायचं नाही. तुम्हा वाडीकरांना हे सांगायला नको, पण मला त्या दिवशी या रिवाजाचा भयंकर राग आला. विमान काही चुकलं नाही. आबांनी पाठीवरून फिरवलेल्या हाताचा चिखल मात्र नव्या शर्टावर घेऊन मी आखातात उतरलो.

त्या शहराने डोळेच दिपवले. इमारतींची टोकं बघून मान दुखायला लागली. समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला सोडतात हे ऐकल्यावर आमचं धरण मला उगाच बिचारं वाटलं. माझं काम स्लॅबच्या सळ्या तारेने बांधायचं. सगळ्यांनी ओळीने वाकायचं, बांधत बांधत मागे सरकायचं. भातलावणीच की! फक्त पायाखाली चिखलाऐवजी तापलेलं लोखंड. सवयीने मी माझी ओळ संपवून शेजारच्या दिलच्या ओळीत हात घातला. दिल नेपाळचा, किडकिडीत, सतत हसणारा. फोरमन अंगावर आला, "अपनी लाइन में रहो!" इथे मागे राहणारा त्याचा तो, हे मला समजावण्यात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी दिल सळ्यांवरच कोसळला. अंग भाजत होतं, घाम मात्र थांबलेला; बोलणं असंबद्ध. त्या देशात उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम घ्यायला कायद्याने बंदी आहे. गेटवरच्या पाटीवर ते हिंदीतसुद्धा लिहिलं होतं. पण काँक्रीटची घाई होती. फोरमन म्हणाला, सावलीत टाका, संध्याकाळच्या बसने जाईल. संध्याकाळपर्यंत दिल राहिला नसता, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी त्याच्याजवळ बसलो. पाण्याने त्याचं अंग भिजवत राहिलो. फोरमन ओरडला की कामावर जा, नाहीतर उद्या घरी पाठवतो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, तेव्हा धमकी पोकळ नव्हती. तरी तोंडातून निघून गेलं, "शेवटचा माणूस वर येईपर्यंत मी येणार नाही." मराठीत! कुणाला काय कळणार?

पण तेलंगणातला एक जण तार पिळायचा आकडा खाली ठेवून शेजारी येऊन बसला. मग बिहारची पोरं आली. मग बांगलादेशी, मग ज्यांची भाषा मला कधी कळलीच नाही असे काळेसावळे उंच लोक. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. सगळी स्लॅब रिकामी झाली आणि शेवटी वरची क्रेनसुद्धा थांबली. एवढे उंच मनोरे बघून झाले होते, पण ऊर भरून आला तो त्या दुपारी. यांच्या कुणाच्या गावात सावड असेल का? असणारच, नाहीतर एवढी माणसं एकाच वेळी कशी उठली?

शेवटी फोरमनलाच फोन लावावा लागला आणि ॲम्ब्युलन्स आली. दिल वाचला. पुढे कामगार खात्याचा अधिकारी आला, आमच्याशी दुभाष्या घेऊन बोलला. कुणालाही घरी पाठवलं नाही, पासपोर्ट आमच्या हातात परत आले, आणि दुपारी भोंगा वाजून काम थांबायला लागलं. माझ्यासारखे बाहेर पडलेले जे कुणी हे वाचत असतील त्यांना सांगतो, गेटवरची पाटी वाचा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

आता घर म्हटलं की मला आमचं खाचर दिसतं आणि ती तापलेली स्लॅबही दिसते. दोन्हीकडे माझी माणसं वाकलेली असतात. दिल दवाखान्यातून खोलीवर आला त्या संध्याकाळी मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"मंग, पोरगं आलं का बांधावर?"

मी मोबाईल दिलकडे वळवला. तो अशक्त हसला आणि आबांना हात जोडले.

"आलं, आबा."

"मंग आता तुमी जेवा," आबा म्हणाले.