डाव्या खिशातली पुडी

मी चांदवडचा. पायदळात सतरा वर्षं काढली, नाईक म्हणून घरी आलो. उजव्या नडगीतून इतकी वर्षं पू का यायचा, असं लोक विचारतात. गोळीचं सांगतो, पण आधी खिशाचं सांगायला हवं.

आमच्या प्लाटूनमध्ये शर्टाच्या डाव्या खिशात फील्ड ड्रेसिंग ठेवायची सक्ती होती. म्हणजे जखमेवर दाबून बांधायची पट्टी. ज्याला गोळी लागेल, त्याचीच पट्टी त्याला बांधायची. दुसऱ्यासाठी आपली वापरायची नाही. मी त्या खिशात तंबाखूची पुडी ठेवायचो. पट्टी बराकीत, पेटीत. मस्ती, दुसरं काय!

काश्मिरात दहशतवादी लपलेल्या एका घराला आम्ही वेढा घातला होता. सकाळी सहा चाळीसला मी आणि लान्स नाईक काशिनाथ मागच्या भिंतीशी पोचलो. काशिनाथ आपल्या हरसूलचा. खिडकीतून गोळ्यांचा बर्स्ट आला. माझी नडगी उसाच्या कांडीसारखी मोडली, हाड पँटमधून बाहेर आलं. काशिनाथने मला भिंतीआड ओढलं, माझ्या खिशात हात घातला आणि पुडी बाहेर काढली.

"पट्टी कुठंय, दादा?"

त्याने स्वतःची पट्टी फाडली, जखमेत कोंबली आणि गुडघ्याने दाबून बांधली. मी वायरलेस सेटवर कळवलं, "एक कॅजुअल्टी." सहा एकावन्नला दुसरा बर्स्ट आला. गोळी काशिनाथच्या जांघेत लागली. मी टोपी कोंबली, मूठ दाबली. रक्त बोटांतून उडत राहिलं. सात वाजून पाच मिनिटांनी ते थांबलं. पट्टी असती तरी तो वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला नाही पटत.

माझं हाड जुळलं, पण आतून सडलं. चार ऑपरेशनं झाली. भोक बुजायचं, ताप चढायचा, पुन्हा फुटायचं. शेवटी नाशिकला एका सर्जनने स्पष्ट सांगितलं की मेलेल्या हाडात औषध पोचत नाही, ते कापूनच काढायचं. मग पायाला बाहेरून लोखंडी कडी लावून नवं हाड भरू द्यायचं. तंबाखू खाता का, विचारलं. मी नाही म्हणालो. बायकोने माझ्या डाव्या खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही चालू राहिली तर हाड भरणार नाही," सर्जन म्हणाले. "मग पाय गुडघ्याखालून कापावा लागेल."

त्यांना वाटलं मी पायासाठी रडतोय. त्या दिवशी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे ऐकायचा हक्क माझा नाही, हरसूलला जा.

ऑपरेशननंतर, पायाला कडी असतानाच गेलो. काशिनाथच्या बायकोसमोर बसून पुडीपासून सात पाचपर्यंत सगळं बोललो. मला शिव्या हव्या होत्या.

"आता खिशात काय हाय?" तिने विचारलं.

मी पट्टी काढून दाखवली. तिने ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या खिशात परत ठेवली.

"एवढीशीच व्हय," ती म्हणाली, आणि मग रडली.