पाण्याच्या वाटेवरची सायकल

कोलशेतच्या खाडीत उभा जन्म काढलेला भिवाजी म्हातारपणी डोंगरावर सायकल हाकील, असं कुणी त्याच्या बापाला सांगितलं असतं तर बापानं वल्हं काढून हाणलं असतं. पण बायको जनाबाई गेली, होडी काठावर पालथी पडली, आणि लेक मनालीनं बापाला कोपरला आपल्या ब्लॉकमध्ये आणून ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवलंच. लेक-जावई कामावर गेले की दिवसभर दार बंद. बोंबील भाजले तर समोरची बाई काही बोलायची नाही, गुमान खिडकी लावून घ्यायची. कोळीवाड्यात निदान शिवी द्यायला माणूस मिळायचा. इथं कुणी भांडतसुद्धा नव्हतं.

खाली पार्किंगमध्ये जावयाची जाड टायरांची सायकल धूळ खात होती. भिवाजीनं ती पुसली, साखळीला तेल घातलं आणि एक दिवस भोपरच्या पल्याडच्या टेकडीवर नेली. तिथं त्याला सौमित्र आणि त्याची टोळी भेटली. सौमित्र बँकेतला, बाकीचेही असेच कुठं कुठं नोकरीला असलेले. गावकीला विचारून त्यांनी गुरांच्या दोन वाटा साफ केल्या होत्या आणि दर रविवारी तिथं सायकली पिटाळायचे. लुंगी खोचून चढणारा हा काका त्यांना भारी आवडला. त्यांनी त्याला डोक्यावर हेल्मेट दिलं आणि कामही दिलं. शनिवारी एकट्यानं येऊन वाटा तपासायच्या आणि काय ते ग्रुपवर बोलून पाठवायचं.

भिवाजी आधी वाटेवरनं सायकल चालवून बघायचा, मग ती हातात धरून तीच वाट पायी उतरायचा. शंका आली की काठी खुपसायचा, खाडीत गाळ किती ते बघायला बांबू खुपसतात तशी. मग फोन तोंडाशी धरून ओरडायचा, "सगल्या वाटा खुल्या हायत रं! करवंदीपाशी धोंडा हालतंय, त्याला जपा." मंडळी हे आवाज जपून ठेवायची म्हणे, हसायला. हसेनात का. हसायला तरी ऐकत होती.

गेल्या हिवाळ्यात त्यानं स्वतः तिसरी वाट पाडली. माथ्यावरनं थेट खाली. पोरांनी तिचं नाव ठेवलं 'भिवाजी एक्सप्रेस'. तिच्यापायी कल्याणहून, ठाण्याहून माणसं यायला लागली. उतरल्यावर पायथ्याच्या टपरीवर चहा व्हायचा, आणि तिथं भिवाजी खाडीतला जिताडा मासा कसा धरतात ते सांगायचा. मध्ये कुणी उठून जायचं नाही. आठवड्यातनं तेवढंच त्याचं बोलणं.

आणि त्या वाटेतच त्याची चूक होती. खाडीतल्या माणसाची चूक. ओहोटीला होडी काढायची तर जिथनं पाणी पळतं तिथनंच काढायची, कडेला गेलात की गाळात रुतलात, हे त्याच्या हाडात मुरलेलं. टेकडीवर त्याला पाण्याचा सुकलेला ओघळ दिसला आणि वाटलं, देवानंच वाट आखून ठेवलीय. त्याच्यावरनंच त्यानं पावडं चालवलं. होडी पाण्यावर तरंगते, सायकल मातीवर चालते, एवढं काही डोक्यात आलं नाही.

पावसाळा सरला. दसऱ्याआधीच्या शनिवारी भिवाजी वाटा तपासायला गेला. जुन्या दोन ठीक होत्या. तिसरीही वरनं झकास दिसत होती, दोन्ही अंगाला गवत, मध्ये गुळगुळीत माती. तो उतरला. काही झालं नाही. पायी उतरताना मात्र मधल्या वळणावर काठी खुपसली ती हातासकट कोपरापर्यंत आत गेली. आतनं सगळं पोकळ. पाण्यानं खालची माती नेली होती आणि वर नुसती साय धरलेली. काठी उपसायला वाकला तशी कडा सुटली, आणि सायकलीसकट म्हातारा खाली घळीत.

कोपर सोलवटलं. तो तिथंच बसून राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, एक्सप्रेस वेळेवर आहे ना?" सौमित्र होता. "उद्या फुल गँग येतेय. आपल्या मैथिलीच्या ऑफिसातले दोघं नवीन आहेत."

"बघतंय रं. अजून बघतंय."

"त्यात काय बघायचं? तुमचीच गाडी. तुम्ही हो म्हटलंत की आम्ही डोळे मिटून."

"डोले मिटून कशाला? लगनाला उभा हायस का?"

पलीकडं खदखदून हसणं. मग सौमित्र म्हणाला, "ती बंद असेल तर सगळे लोणावळ्याकडं जाऊ म्हणतायत, काका. बाकीच्या दोन वाटा म्हणजे आजीबाईंचा फेरफटका."

"सांगतंय," म्हणून भिवाजीनं फोन ठेवला.

त्यानं आजूबाजूचे धोंडे ओढले, भगदाडात भरले, वर माती लोटली, पायानं तुडवली. दिसायला जागा झाली पहिल्यासारखी. उद्यापुरती टिकली असती. त्याच्यासाठी टिकली असती, कारण तो तिथं अंग मागं टाकून, ब्रेक न दाबता जायचा. नवं पोर त्या वळणावर घाबरणार आणि दाबणारच. पुढचं चाक आत, आणि पोर तोंडावर.

टपरीवरचा चहा, जिताडा, हसणं, सगळं त्या एका वळणावर येऊन ठेपलं होतं. मग त्यानं स्वतःला एक कोळीवाड्यातली शिवी हासडली आणि लाथेनं भराव पाडला.

फोन तोंडाशी धरला. "सौमित्र, माझी वाट बंद. आतनं पोकल हाय. पानी जातंय तिथंच मी वाट पाडली, ती अक्कल माझी. कुनी तिच्यावर यायचं नाय."

ग्रुपवर अंगठे आले. सौमित्रनं लिहिलं, 'थँक्स काका. मग आम्ही लोणावळा. गाडीत जागा झाली तर कळवतो.' नंतर काही आलं नाही.

रविवारी सकाळी तो पावडं सायकलीला बांधत होता तेव्हा मनाली खाली आली. "बाबा, आज कुणी येणार नाही म्हणालात ना? मग कुठं?"

"वाट कराया."

"कुणासाठी?"

"वाटेला कुनासाठी असं काय इचारते? वाट हाय ती."

मनालीनं हाताला पट्टी लावली, डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, आणि वर निघून गेली. तिलाही रविवार एकच.

त्यानं बंद केलेल्या एक्सप्रेसच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकले. मग माथ्यावर उभं राहून पहिल्यांदाच टेकडीकडं आडवं बघितलं. आडवी, तिरकी, पाण्याला छेदून जाणारी अशी एक रेघ त्यानं पावड्यानं धरली. दुपार कलेपर्यंत जेमतेम एक वळण झालं. खाली टपरीवाल्यानं गिऱ्हाईक नाही म्हणून फळ्या लावलेल्या दिसत होत्या.

भाकर खाल्ली. बाटलीतलं पाणी प्यायच्या आधी त्यानं थोडं नव्या वळणाच्या वर ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी वाटेवर आलं, जरा घोटाळलं, आणि वाट ओलांडून पलीकडं उतरलं. वाटेवर थांबलं नाही.

"जा बाबा, तू जा," भिवाजी पाण्याला म्हणाला. उरलेलं तो प्यायला आणि पुढच्या वळणाला पावडं घातलं.