बोल्टची चिकटवलेली डोकी

वहिनींना शिसारी यायला फार काही लागत नसे. गवंड्यानं भिंत अर्धा इंच तिरकी बांधली, की ती बघूनच त्यांचं तोंड कडू होई. कागदावर झोकदार गोल जिना काढून देणारा, पण जन्मात लोखंडाची एक पट्टीही न वाकवलेला आर्किटेक्ट समोर आला, की त्या बाहेर जाऊन थुंकून येत. आणि रंगारी? वेल्डिंगच्या भोकात लांबी-पुट्टी भरून वर रंग फासणाऱ्या एका रंगाऱ्याला तर त्यांनी डब्या-ब्रशासकट साइटवरून हाकललं होतं. खरं तर त्या वहिनी एकट्या धाकट्या दिराच्या. पण त्याचं ऐकून कारागीर, लोखंडवाला, बिल्डर सगळेच वहिनी म्हणायला लागले, आणि नवरा गेल्यावर वर्कशॉपसकट तेच नाव त्यांच्याकडे राहिलं.

काम जिन्यांचं, रेलिंगचं, गेटचं. तयार माल ठेवायचा नाही. ज्या इमारतीचं जसं माप, तसं कापायचं, जोडायचं आणि तिथं नेऊन बसवायचं. रेलिंग बसलं, की वहिनी पर्समधून पाना काढत आणि एकेक बोल्ट स्वतः पिळून बघत. दीर किती वर्षं म्हणत होता, वहिनी, आता माझ्यावर सोडा की. या खेपेला सोडावंच लागलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वहिनी दीड महिना पलंगावर, आणि सात मजली इमारतीच्या सगळ्या बाल्कन्या दिरानं एकट्यानं उरकल्या. सोमवारी तिथं लोक राहायला येणार होते. शनिवारी सकाळी वहिनी काठी टेकत साइटवर हजर.

चौथ्या मजल्यापर्यंत सगळं झकास होतं. पाचव्यावर, कोपऱ्यातल्या बाल्कनीत त्यांनी पाना लावला, आणि बोल्ट घट्ट बसायचं सोडून सरळ हातात आला. बोल्ट कसला, नुसतं डोकं! खाली दांडा नाही, आटे नाहीत. कापलेल्या बुडाला पिवळट गमाचा गोळा, कुणी चघळून टाकल्यासारखा, आणि त्यात कुणाचा तरी केस अडकलेला. दुसरं, तिसरं, चौथं. चारही डोकी तळहातावर. त्यांनी एका हातानं खांब ढकलून बघितला; तो पडायला आलेल्या दातासारखा हलला.

काय झालंय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. स्लॅबमध्ये भोक पाडताना ड्रिल आतल्या सळईवर आपटतं आणि पुढं जात नाही. मग खांबाची जागा बदलायची, म्हणजे वरचा पाइप सोडवा, कापा, पुन्हा जोडा, अख्खा दिवस मोडतो. त्यापेक्षा बोल्टचं डोकं कापायचं आणि गमानं चिकटवून द्यायचं. बघणाऱ्याला काय, चार डोकी दिसली की तो खूश.

दीर हसत हसत वर आला. वहिनींच्या हातातली डोकी दिसली आणि त्याचा चेहरा पडला. मग वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुटला. एखादं पोर याला लोंबकळलं तर? हेच हात घेऊन घरी जाऊन जेवतोस कसा? किळस येते मला तुझी, म्हणाल्या. तो खाली मान घालून एवढंच पुटपुटत राहिला, की सगळे मिळून अकराच खांब आहेत. अकराच! वहिनींनी साइटवरच्या इंजिनियरला तिथंच बोलावून घेतलं आणि सांगून टाकलं, की अकराही खांब निघणार, नवीन बसेपर्यंत इथं कुणी राहायला येणार नाही, आणि दोष सगळा आमचा. इंजिनियर कपाळाला हात लावून बिल्डरला फोन करायला खाली पळाला. या बिल्डरचं दार आपल्याला कायमचं बंद झालं, हे दिरालाही कळलं.

मग तो हळूच बोलला.

"वहिनी, मी हे शिकलो कुणाकडून? दवाखान्याच्या जिन्यावर गमाचा डबा धरून मीच उभा होतो. डोकी तुम्ही लावत होतात."

वहिनींनी चारही डोकी पर्समध्ये टाकली.

त्या जिन्याला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं पहिलं मोठं काम, तीन मजली दवाखाना, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. सगळ्यात वरच्या वळणावरचे दोन खांब सळईवर अडले. नवरा म्हणाला, राहू दे, उशीर होईल तर होईल, पुन्हा करू. वहिनीच म्हणाल्या होत्या, आज डोकी चिकटवू, आठ दिवसांनी येऊन नीट करू. आठ दिवसांनी दुसरं काम आलं. त्यानंतर त्या रस्त्यानं जायची वेळ आली की त्या लांबचा वळसा घेऊन जात. जगातल्या प्रत्येकाचा बोल्ट पिळून बघितला या बाईनं, ते दोन खांब सोडून. आज पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या हातांची घाण वाटली.

त्या घरी गेल्या नाहीत. दवाखाना गाठला आणि गुडघा ठणकत असताना तीन मजले भिंतीच्या बाजूनं चढल्या. वरच्या वळणावर एक माणूस लेकराला कडेवर घेऊन कठड्याला टेकून उभा होता. वहिनींनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. तो चिडला. त्या खाली बसल्या, पाना लावला, आणि डोकं निघून आलं. त्यांनी ते त्याच्या पायाशी ठेवलं, मग दुसरं. खांब हलवून दाखवला. त्या माणसानं लेकराला छातीशी घट्ट धरलं.

आवाज ऐकून नर्स धावत आली आणि विचारायला लागली, की कोण तुम्ही, हे काय चालवलंय.

"हे खोटे बोल्ट मी लावलेत," वहिनी म्हणाल्या. "माहीत असून लावलेत."

नर्स एक पाऊल मागं सरकली. तिनं नाक आक्रसून वहिनींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर वहिनींना चांगली ठाऊक होती. आजवर त्या स्वतःच लोकांकडे तसं बघत आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही.

"दोरी आणा," त्या म्हणाल्या. "आधी जिना बंद करू."