हिरव्या ठिपक्याचा काय उपयोग

माझा नवरा पक्का खादाड. लिफ्ट दुरुस्तीसाठी नाहूर-विक्रोळी पालथं घालायचा, आणि बॅगेत पान्यांपेक्षा वेफर्स-चिवड्याची पाकिटंच जास्त. मग गावी काजूच्या बागेत त्याला गोचीड चावली आणि सगळ्याची वाट लागली.

डॉक्टर म्हणाले, अल्फा-गॅलची ॲलर्जी. गोचीड चावल्यावर काहींच्या अंगाला मटण सोसत नाही. याला दूधही सोसेना. मासे, कोंबडी चालते. तूप, लोणी, दुधाची पावडर नाही. त्रासही लगेच होत नाही. काही तासांनी अंगभर गांध्या उठतात, मग घसा आवळतो.

डबा मी घरून देते. पण चार मित्रांत बसून फोडायला एक पाकीट तरी त्याच्या हातात असावं, एवढंच मला हवं होतं.

मुलुंडच्या दुकानात पाकिटं उलटी करून, मोबाइलवर बारीक अक्षरं मोठी करून मी वाचत उभी राहायची. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, हिरवा ठिपका आहे ना, प्युअर व्हेज. कशाला टेन्शन घेता?" माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी हिरवा ठिपका घातक आणि सुक्या जवळ्याचं तपकिरी खुणेचं पाकीट बिनधोक, हे हिला कसं समजावू? टोमॅटोच्या वेफर्सना दूध कशाला लागतं, मला आजही कळलेलं नाही. 'फ्लेवर' कशापासून काढला, तेही लिहीत नाहीत. कंपनीला फोन केला तर पलीकडचा अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आमचं सगळं शंभर टक्के शाकाहारी." मी फोन कट केला.

शेवटी केळ्याचे मसाला वेफर्स सापडले. केळी, खोबरेल, मीठ, मिरची, बस्स. रविवारी सकाळी त्याने खाल्ले आणि आम्ही संध्याकाळपर्यंत एकमेकांची तोंडं बघत बसलो. काही झालं नाही. "झकास आहेत गं," तो म्हणाला. पुढे कित्येक महिने मी वेड्यासारखी खूश होते.

मग त्या वेफर्सच्या कंपनीने चव सुधारली. पाकीट तेच, रंग तोच, मागच्या ओळीत मात्र ताकाची पावडर घुसली. त्याने ते विक्रोळीला कामावर जाताना टपरीवरून घेऊन खाल्लं होतं. दुपारी मशीन रूममध्येच तो कोसळला. मित्रांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, म्हणून वाचला.

आता तो डबाही अर्धा परत आणतो. भूकच नाही म्हणतो. भूक कसली नाही, भीती आहे, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

तरी परवा मी तळलेल्या मूगडाळीचं पाकीट आणलं. डाळ, तेल, मीठ, एवढंच. पुन्हा पुन्हा वाचून बशीत ओतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बशी माझ्याकडे सरकवली.

"तू खा. मी बघतो."

मी खायला लागले. डाळ खमंग होती. रडू येऊन मी थांबले, तर तो पुढे वाकून म्हणाला, "थांबू नको ना. कशी लागतेय, सांग."